खुर्ची कोणी निवडायची

“पहिल्या रांगेत बसवू त्यांना. आणखी काय हवं?”

हे माझ्याशी बोललेलं नव्हतं. आमचा टीम लीड काचेच्या पार्टिशनपलीकडे फोनवर बोलत होता आणि मी अलीकडे कॉफीच्या मशीनखाली कप धरून उभी होते. ते पार्टिशन छतापर्यंत जात नव्हतं. आत बसलेल्याला वाटायचं की आपण बंद खोलीत आहोत, आणि बाहेरच्याला सगळं ऐकू यायचं.

“अंध प्रेक्षकांचंच म्हणतोय मी,” तो पुढे म्हणाला. “त्यांना नकाशा देऊन उपयोग काय? त्यांच्यासाठी वेगळं बटण ठेवू. दाबलं की थेट पहिल्या रांगेतली खुर्ची. मानाची जागा. हो ना, तुम्हालाही आवडलं ना? मग झालं तर.”

फोनच्या पलीकडे एका नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. त्यांच्यासाठी आम्ही नाटकाच्या तिकिटांची वेबसाइट करत होतो. तिचा जीव म्हणजे खुर्च्यांचा नकाशा: वर रंगमंच, खाली रांगा, रिकाम्या खुर्च्या हिरव्या, गेलेल्या लाल. आमच्या डिझायनरने तो फार देखणा काढला होता. खुर्चीवर बाण नेला की ती जराशी उचलली जायची, आपल्याला बसायला जागा करून दिल्यासारखी. मला तो नकाशा बघायला आवडायचा. पण माझं काम तो बघण्याचं नव्हतं, ऐकण्याचं होतं. अंध माणसं संगणक वापरतात तेव्हा स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवतो. आमचा नकाशा तो असा वाचायचा: ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक.

मी कप तिथेच ठेवून जागेवर आले. मला राग आला होता असं म्हणता येणार नाही. लीड वाईट माणूस नव्हता, आणि पहिली रांग देणं म्हणजे काही अपमान नव्हे. तरी त्या वाक्यात काहीतरी खुपत होतं आणि ते काय आहे हे मला सांगता येत नव्हतं.

खरं तर मला बरंच काही सांगता यायचं नाही. हडपसरच्या त्या ऑफिसात मी नोकरीला लागले तेव्हा दिवसभरात बोललेली वाक्यं बोटांवर मोजता आली असती. बाबा सरकारी नोकरीत, वर्ध्याकडून बदली होऊन पुण्यात आलेले. आम्ही येरवड्यात राहायचो. घरात वऱ्हाडी वळणाचं मराठी, शाळेत इंग्रजी, आणि रस्त्यावर पुण्याचं मराठी. ते बोलताना मला कायम तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. ऑफिसात नाव सांगताना मी आडनाव गाळायचे. आडनाव सांगितलं की काही जण पुढचा प्रश्न विचारतात आणि काही जण विचारायचं एकदम थांबतात. दोन्ही मला शाळेपासून ओळखीचं होतं.

स्क्रीन रीडरचं काम माझ्याकडे आलं तेही न बोलल्यामुळेच. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाने कळवलं होतं की त्यांची साइट अंध लोकांना वापरता आलीच पाहिजे, तिकडे तसा कायदा आहे. आमच्याकडे ते काम कोणाला नको होतं. त्यात दाखवण्यासारखं काही नसतं, सगळं नीट जमलं तरी साइट होती तशीच दिसते. लीडने मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा सगळे माना खाली घालून बसले. मी नेहमीच मान खाली घालून बसायचे. ती होकारार्थी हलली असं त्याला का वाटलं, देव जाणे.

पण त्या कामाने मला वेडच लावलं. पहिल्या दिवशी मी मॉनिटर बंद केला, कानाला हेडफोन लावला आणि नुसत्या कीबोर्डवर एक पान उघडलं. आतून एक यांत्रिक आवाज सांगायला लागला, इथे मथळा आहे, इथे लिंक आहे, इथे बटण आहे पण त्याला नाव नाही. मी रोज लिहीत असलेल्या पानाला आत एवढ्या खोल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना दारंच नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. एका ओळीचा बदल केला की एक दार उघडायचं. मी घरी जाताना बसमध्ये खिडकीशी बसून स्वतःशीच हसत होते. शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली.

ताई त्याच कामातून भेटल्या. साइट तपासायला रोज स्क्रीन रीडर वापरणारं माणूस हवं होतं. त्या एका बँकेत अधिकारी होत्या, जन्मापासून अंध, राहायला सदाशिव पेठेत. बँकेला सुटी असेल त्या शनिवारी रिक्षा करून हडपसरला यायच्या, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायच्या, आणि आम्ही केलेल्या कामाच्या चिंध्या करायच्या. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, “तू वाक्याचा शेवट गिळतेस.”

“सवय आहे,” मी म्हणाले.

“गीळ बापडी. माझ्या कामाचं असेल तेवढं मात्र गिळू नकोस.”

त्यांचा स्क्रीन रीडर इतक्या वेगाने बोलायचा की मला फोडणीतल्या मोहरीसारखी नुसती तडतड ऐकू यायची. “हे कळतं तुम्हाला?” असं मी एकदा न राहवून विचारलं. “तुला आख्खं पान एका नजरेत दिसतं,” त्या म्हणाल्या, “त्याबद्दल कोणी तुझा सत्कार करतं का?”

पहिल्या रांगेची गोष्ट मी त्यांना पुढच्या शनिवारी सांगितली. अमेरिकन साइटचं काम संपलं होतं आणि त्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी खात होत्या.

“पहिल्या रांगेत?” त्यांनी विचारलं. “कोणाची कल्पना?”

“लीडची. पण व्यवस्थापकांनाही आवडलीय. प्रेमानेच म्हणतायत.”

“प्रेमानेच असणार. रागाने कोणी कोणाला पहिल्या रांगेत बसवत नाही.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “अगं, पहिल्या रांगेत पासवाले बसतात. फुकट आलेला माणूस दुसऱ्या प्रवेशात झोपतो आणि घोरतो. त्यातून रंगमंच उंच. बोलणं डोक्यावरून मागे जातं. तिथे बसून मला नटांचे बूट तेवढे नीट ऐकू येतात.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“तिकिटांची खिडकी बंद होणार, हे खरं का?”

ते खरं होतं. साइट सुरू झाली की तिकीट खिडकी प्रयोगाआधी थोडा वेळ उघडायची आणि उरलीसुरली तिकिटं विकायची, असं व्यवस्थापकांनी ठरवलं होतं.

“खिडकीवर एक गृहस्थ बसतात,” ताई म्हणाल्या. “माझ्या काठीचा आवाज ऐकला की ‘ताई, तुमची नेहमीची’ म्हणून तिकीट हातात ठेवतात. इतकी वर्षं तसंच चाललंय. सिनेमाला मी जात नाही, तिथे निम्मं नुसतं दाखवतात. नाटकात बोलावंच लागतं. महिन्यातून एक नाटक, एवढी एकच चैन करते मी. आता तुझ्या साइटवर मला खुर्ची घेता आली तर ती माझी. नाही तर जन्मभर घोरणाऱ्यांच्या शेजारी.”

त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. पण त्या डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघत होत्या, ते केव्हाच लागलेलं असताना.

सोमवारी मी लीडच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. “ते पहिल्या रांगेचं बटण…” एवढं म्हणाले, तर तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, “मेल टाक ना.” मेल टाकण्यात मी हुशार होते. लांबलचक, मुद्देसूद, इंग्रजीत. उत्तर आलं: छान विचार आहे, फेज टूमध्ये बघू. फेज टू म्हणजे काय, हे आमच्या कंपनीत शिपायालाही माहीत होतं. ज्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं ते सगळं फेज टूमध्ये जायचं.

तेव्हा मी ठरवलं की आधी करून टाकू, मग बोलू. निदान बोलायचं पुढे तरी ढकललं गेलं.

पहिला प्रयत्न मला अतिशय हुशारीचा वाटला होता. प्रत्येक खुर्चीला मी नाव दिलं, ती रिकामी आहे की गेलेली हे जोडलं, आणि बाणाची कळ दाबत एकीवरून दुसरीवर जाता येईल अशी सोय केली. ग्राफिक ग्राफिक जाऊन आता माणसासारखं काहीतरी ऐकू येत होतं. पुढच्या सुटीच्या शनिवारी ताईंना बसवलं. त्या कळ दाबत गेल्या. ए एक, रिकामी. ए दोन, रिकामी. ए तीन, गेलेली. ए चार, रिकामी. त्या अगदी शांतपणे दाबत राहिल्या, दाबत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, “तिसरी घंटा झाली बरं का. मी अजून बी रांगेत आहे.”

पलीकडे डिझायनर खुर्चीवरून पडायचा राहिला इतका हसला.

“तू खिडकीवर गेलीस तर काय म्हणशील?” ताईंनी मला विचारलं. “सगळ्या खुर्च्या एकेक करून वाचून दाखवा, असं म्हणशील?”

“मी कधी गेले नाही खिडकीवर.”

“म्हणजे तिकीट दुसरं कोणी काढतं?”

“मी नाटकच बघितलेलं नाही.”

“पुण्यात राहून?”

“येरवड्यात राहून,” मी म्हणाले.

“येरवडा पुण्यातच आहे, माझ्या माहितीप्रमाणे,” ताई म्हणाल्या. मग जरा थांबून, “उद्या सकाळी नाट्यगृहावर ये. आणि पायात चालायची चप्पल घाल.”

रिकामं नाट्यगृह मी त्या रविवारी पहिल्यांदा बघितलं. संध्याकाळच्या प्रयोगाचं नेपथ्य लागत होतं, रंगमंचावर दोन-तीन कामगार एका खोट्या भिंतीला ठोकत होते. खिडकीवरच्या गृहस्थांनी आम्हाला बाजूच्या दाराने आत सोडलं. त्यांचे केस पांढरे होते, हातात किल्ल्यांचा जुडगा. “ताई, प्रयोग संध्याकाळी आहे,” ते म्हणाले. “ठाऊक आहे,” ताई म्हणाल्या, “आज मी नाटकाला आलेली नाही, खुर्च्यांना आलेय.”

मला वाटलं होतं की मी त्यांना हाताला धरून रांगांमधून फिरवायचं. त्यांचा बेत वेगळा होता. “तू वर जा,” त्या म्हणाल्या. “रंगमंचाच्या मधोमध उभी राहा आणि बोल. मी जागा बदलत राहीन.”

“काय बोलू?”

“काहीही. तुला पाठ असेल ते.”

मी वर गेले. पायाखालच्या फळ्या पोकळ वाजत होत्या. समोर एवढ्या खुर्च्या, सगळ्या माझ्याकडे तोंड करून. मला ऐन वेळी काहीच आठवेना, तेव्हा मी आमच्या बसचे थांबे म्हणायला लागले, येरवडा ते हडपसर, ओळीने. हातोडा धरून उभा असलेला एक कामगार मान वळवून म्हणाला, “मॅडम, ओठातल्या ओठात नका बोलू. मागच्या रांगेनेपण पैसे दिलेत.”

मी पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं, या वेळी मागच्या रांगेसाठी. आवाज माझ्यातून निघून कुठेतरी लांब जाऊन पोचला आणि तिथे थांबला, हे मला स्पष्ट जाणवलं. ते इतकं नवीन होतं की हडपसर आल्यावर मी न थांबता उलटी निघाले, हडपसर ते येरवडा.

ताई खुर्चीखुर्चीतून फिरत होत्या. काठीने रांग मोजायच्या, बसायच्या, मान जराशी तिरपी करून ऐकायच्या, उठायच्या. मागे बाल्कनीखाली बसल्या तेव्हा ओरडून म्हणाल्या, “इथे तू गोधडीत शिरून बोलतेयस.” डावीकडे भिंतीशी बसल्या तेव्हा, “इथे आवाज भिंतीला धडकून दुसऱ्यांदा येतो. दोन तू आहेत.” मी उड्या मारत खाली यायचे, वहीत लिहायचे, पुन्हा वर जायचे. कामगारांनी ठोकणं थांबवलं होतं आणि ते पायऱ्यांवर बसून चहा पीत आमची मजा बघत होते.

मग त्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत गेल्या. पाचवी रांग, उजवीकडची शेवटची, दारालगत. बराच वेळ बसून राहिल्या. माझे दोनदा सगळे थांबे म्हणून झाले.

“अहो,” त्यांनी खिडकीवरच्या गृहस्थांना हाक मारली. ते दारात उभे होते. “ही खुर्ची तुम्ही मला का देता?”

“दाराजवळ आहे ना ताई. येता-जाता कोणाचे गुडघे लागायला नकोत तुम्हाला.”

“बरोबर आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “पण इथे बाहेरचा रस्ता येतो कानात. मला वाटायचं नाटक असंच ऐकू येतं.”

ते गृहस्थ ओशाळले. “तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“काय बोलणार? कुठली रिकामी आहे हेच माहीत नाही, तर मागणार काय?”

हे कोणाला दोष देण्यासाठी म्हटलेलं नव्हतं. तेही डोकं हलवून हसले, त्याही हसल्या. पण रंगमंचावर उभ्या उभ्या मला ती खुपणारी गोष्ट सापडली. पार्टिशनपलीकडून ऐकलेल्या त्या वाक्यातही हेच होतं. जागा चांगली की वाईट हा मुद्दाच नव्हता. बाकीच्या खुर्च्या आहेत, हे त्यांना कोणी सांगतच नव्हतं.

पुढे त्या उठून सातव्या रांगेत गेल्या, मधल्या मार्गालगतच्या खुर्चीत. “बोल,” म्हणाल्या. मी बोलले. “पुन्हा बोल.” मी पुन्हा बोलले. त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

“इथे तू माझ्यासमोर उभी आहेस,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी घरी गेले नाही. खिडकी उघडेपर्यंत थांबले आणि खांबाला टेकून, तिकिटं घेणाऱ्यांचं बोलणं ऐकत उभी राहिले. चोरून ऐकणं हे एकच कौशल्य माझ्याकडे जन्मजात होतं. ते त्या दिवशी पहिल्यांदा कामी आलं. “मधल्या दोन द्या, फार पुढे नको.” “कडेची बघा, वडिलांचा गुडघा धरतो.” “बाल्कनीखालची नको हं, मागच्या वेळी दिलीत.” “पाच एकत्र मिळतील का? नाही? मग तीन आणि मागे दोन, आमच्या ह्यांना मागे बसवते.” एकही माणूस ए एकपासून सुरुवात करत नव्हता. आधी कुठे बसायचं ते सांगायचे, मग रिकामं काय आहे ते विचारायचे, मग बोट ठेवायचे. मला साइटवर एक खिडकीच करायची होती.

ते दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. सकाळी इतरांच्या आधी ऑफिसात पोचायचे आणि एसी सुरू व्हायच्या आत काम सुरू करायचे. आता साइट आधी विचारायची, पुढे, मधे की मागे. मग, मार्गालगत की आतली. मग त्या भागात रिकाम्या खुर्च्या कोणत्या एवढंच सांगायची, आणि प्रत्येक रांगेबद्दल एक वाक्य: ही बाल्कनीच्या छताखाली येते, ही दारालगत आहे, बाहेरचा आवाज येतो. नकाशा होता तिथेच होता, बघणाऱ्यांना तो दिसायचा आणि खुर्ची तशीच उचलली जायची. पण आता त्याच्या मागे ऐकायची वाट होती. वेगळं बटण नाही, वेगळं पान नाही. एकच दार.

डिझायनर माझ्या मागे येऊन उभा राहिला तेव्हा मला वाटलं की तो चिडणार. त्याने हेडफोन मागून घेतला, डोळे मिटले, कळा दाबल्या. “माझ्या नकाशाला वाचा फुटली की,” तो म्हणाला. मग म्हणाला, “रांगेबद्दलचं हे वाक्य नकाशावरसुद्धा दाखवू या ना. बाल्कनीखाली आवाज दबतो हे माझ्या आईला आधी कळलं तर ती मला दुवा देईल.” त्याने तेही केलं. लीडला आम्ही काहीच सांगितलं नाही. तपासणीच्या साइटवर चढवून ठेवलं आणि शुक्रवारी संध्याकाळी ताईंना लिंक पाठवली. त्यांचं उत्तर आलं: उद्या दुपारी बघते, सकाळी पुरणाचा घाट आहे.

शनिवारी दुपारी व्यवस्थापक ऑफिसात आले. साइट सुरू करण्याआधीची शेवटची मीटिंग. पांढरा झब्बा, खिशाला पेन, सोबत बाकरवडीचा पुडा. भला माणूस. आमच्या शिपायालाही अहो म्हणाले. भिंतीवर प्रोजेक्टरने तोच नकाशा लावला होता, ताजा, तपासणीच्या साइटवरचा, सगळ्या खुर्च्या हिरव्या. डिझायनरने खुर्ची उचलून दाखवली. व्यवस्थापकांनी दाद दिली.

“आता अंध प्रेक्षकांचं,” लीड म्हणाला. “वेगळं बटण, थेट पहिली रांग. सोमवारी जोडून टाकतो.”

“आणि ते कायमचं ठेवायचं हं,” व्यवस्थापक म्हणाले. “पहिल्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या चार खुर्च्या त्यांच्या. कितीही गर्दी असू दे, कोणाला द्यायच्या नाहीत. मी माझ्या लोकांना सांगून ठेवलंय.” त्यांचे डोळे खरोखर भरून आल्यासारखे दिसले. “आपल्याकडून तेवढंच.”

टेबलाभोवती सगळ्यांनी माना हलवल्या. लीडने फळ्यावर लिहिलं: पहिली रांग, नक्की. डिझायनर माझ्याकडे बघत होता. मी टेबलाकडे बघत होते. वाईट सूचनेला विरोध करणं मी कदाचित जमवलं असतं. इतक्या मायेने पुढे केलेल्या गोष्टीला नको कसं म्हणायचं, याचे शब्द माझ्याकडे कुठल्याच भाषेत नव्हते. मेल टाकू, असं मनात आलं. सोमवारी सकाळी टाकू. आणि लगेच दिसलं की सोमवारी बटण लागलेलं असेल, खिडकी बंद झालेली असेल, आणि माझा मेल फेज टूमध्ये गेलेला असेल.

तेवढ्यात भिंतीवर एक खुर्ची लाल झाली.

सगळ्या हिरव्यात एकच. सातवी रांग, मधल्या मार्गालगत.

“हे काय?” लीड म्हणाला. “तू क्लिक केलंस?”

डिझायनरने दोन्ही हात वर करून दाखवले. माउस टेबलावर तसाच पडला होता.

“बग दिसतोय,” लीड व्यवस्थापकांना म्हणाला. “किंवा कोणीतरी टेस्टिंग करतंय. कोण करतंय रे आत्ता? थांबवा त्यांना.”

माझ्या आत कुठेतरी इतका आनंद उसळत होता की तो दाबून धरणंच अवघड झालं. सदाशिव पेठेत, पुरणाचं आवरून, ताई संगणकापुढे बसल्या होत्या. आख्खं नाट्यगृह त्यांच्यापुढे रिकामं होतं, आणि या वेळी ते रिकामं आहे हे त्यांना माहीत होतं.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि सगळे वळले.

“बग नाहीये तो,” मी म्हणाले. “ती खुर्ची आमच्या ताईंनी घेतली. आत्ता, त्यांच्या घरून. त्यांना दिसत नाही. पहिली रांग पूर्ण रिकामी आहे, साइटने त्यांना ते सांगितलं, आणि तरी त्यांनी ही घेतली. साहेब, तुमचं मन मोठं आहे, पण पहिली रांग देऊ नका. त्यांची खुर्ची त्यांनाच घेऊ द्या.”